उपासाला चालणारं सँडविच

माझ्या मुलीला दूध चालत नाही आणि गहूही चालत नाही. हे सांगितलं की आमच्या राळेगावात आधी विचारतात, "मंग खाते काय पोरगी?" आणि लगेच, "पण तूप तं चालत असन?" पहिल्या प्रश्नाला मी उत्तर देत असे. दुसऱ्याला नुसती मान हलवून नाही म्हणत असे. ते नुसतं मान हलवणं पुढे किती महाग पडणार आहे, याची मला कल्पना नव्हती.

गव्हाचं दुखणं संथ आहे. पोट फुगतं, वजन वाढत नाही, पोरगी मलूल होते. दुधाचं दुखणं मात्र वेळच देत नाही. ती तीन वर्षांची असताना एका बारशात कुणीतरी लाडाने तिला चमचाभर बासुंदी भरवली. पाच मिनिटांत ओठ सुजले आणि छातीतून बारीक शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. यवतमाळला पोचेपर्यंत गाडीत मी तो आवाज ऐकत होते. आवाज आहे तोवर श्वास आहे, एवढाच हिशेब डोक्यात होता. डॉक्टर म्हणाले, "पुढच्या वेळी जास्तही होऊ शकतं. ओठ सुजले की वाट पाहायची नाही."

तेव्हापासून मला सगळीकडे दूध दिसतं. चहा पिऊन आलेल्या माणसाने तिच्या गालाला हात लावला की मी त्याच्या बोटांकडे पाहते. नवरा झरी जामणीला नोकरीला, शनिवारी येतो. म्हणजे आठवड्याचे पाच दिवस हे पाहण्याचं काम माझ्या एकटीचं.

मी तालुक्याच्या वाचनालयात काम करते. पुस्तकांवर माझा विश्वास आहे, निदान पगारापुरता तरी. पण या बाबतीत पुस्तकांनी हात टेकले. आणि मोबाइलवरच्या पाककृतींमधली पिठं आमच्या किराणावाल्याला औषधांची नावं वाटली. तो म्हणाला, "मॅडम, मेडिकलमधी पाह्यजा."

हे सगळं सुरू झालं बसस्टँडवरच्या हातगाडीमुळे. तिथे मसाला टोस्ट मिळतो. पांढरा ब्रेड, बटाट्याची भाजी, हिरवी चटणी, बीट, कांदा, वर लोण्याचा गोळा आणि किसलेलं चीज. मुलगी दुसरीत गेली तेव्हापासून शाळेतून येताना त्या गाडीसमोर तिचे पाय हळू व्हायचे. मागायची नाही. ती मागत नाही, याचीच मला जास्त भीती वाटायची. एकदा म्हणाली, "आई, मी दुरूनच वास घेऊ काय? थोडासा?"

त्या रविवारी मी ज्वारी निवडायला बसले.

ज्वारी घरघंटीवर दळायची, कारण चक्कीवर आपल्या आधी कुणाचे गहू दळले गेले ते देवाला आणि चक्कीवाल्याला ठाऊक. पिठात भिजवून वाटलेला साबुदाणा आणि चमचाभर इसबगोल घालायचं, म्हणजे ते जरा धरून राहतं. मग तेल लावलेल्या चौकोनी डब्यात घालून, कुकरची शिट्टी काढून वाफवायचं. पहिला ब्रेड निघाला तो घराच्या पायात घालता आला असता. दुसरा सुरी लावताच भुगा झाला. पाचव्याच्या फोडी झाल्या. लोण्याऐवजी भिजवलेले शेंगदाणे लिंबू पिळून वाटले. चीजचं कोडं साबुदाण्यानेच सोडवलं. तो जास्त शिजवून, बटाटा, शेंगदाणा आणि हळद घालून घोटला की त्याला तार सुटते. मुलीने पहिल्यांदा सँडविच मधोमध ओढलं, तार लांबवत नेली, तुटल्यावर म्हणाली, "गाडीवरच्यापेक्षा लांब." चव कशी आहे हे मी विचारलं नाही. तिने दोन खाल्ली.

शेजारच्या काकू या प्रयोगांच्या साक्षीदार. काकूंचे सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी असे उपास. त्या जेवतात कधी, हा माझ्यासाठी संशोधनाचा विषय होता. बाकीच्यांना मुलीचं दुखणं समजावताना माझं तोंड दुखायचं. काकूंना ते एका वाक्यात समजलं.

"म्हंजे जन्माचा उपासच हाय म्हना पोरीले."

मला ही उपमा फार आवडली. वाचणाऱ्या माणसाला चांगली उपमा मिळाली की तो तिच्या आत डोकावून पाहत नाही, नुसती मिरवतो. मीही चार ठिकाणी मिरवली. आणि काकूंचं वागणंही तसंच होतं. आमच्या ओट्याला हात लावण्याआधी कोपरापर्यंत हात धुवायच्या. कणकेचा हात घेऊन कधी उंबरा ओलांडला नाही. साबुदाणा, शिंगाड्याचं पीठ, भगर, सगळं स्वतः निवडून आणून द्यायच्या. नवऱ्याइतकाच मी त्यांच्यावर विश्वास टाकला. खरं तर थोडा जास्तच.

थंडीत शाळेत आनंद मेळावा असतो. मुलं घरून पदार्थ करून आणतात आणि दुकानं मांडून विकतात. मुलीने पुठ्ठ्यावर स्वतः लिहिलं, 'बिनदुधाचं बिनगव्हाचं सँडविच', आणि खाली लहान अक्षरात, 'मीपण खाते'. मी शेगडी, धुतलेला तवा आणि तेलाची बाटली घेऊन मागे उभी राहिले. काकू मदतीला आल्या.

मेळाव्याचं उद्घाटन करायला एक पाहुणे येणार होते. त्यांच्या फोटोचा फलक शाळेच्या फाटकापेक्षा मोठा होता. साहेब दोन तास उशिरा आले, तोवर मुलांच्या भेळेचा लगदा झाला होता. आले तशी मुख्याध्यापकांना आठवण झाली की यंदा पुष्पगुच्छाऐवजी ग्रंथभेट द्यायची आहे, आणि ग्रंथ देताना ग्रंथपाल शेजारी असली तर शोभेल.

"दहा मिनिटांचं काम हाय, मॅडम."

"जाय तू," काकू म्हणाल्या. "मी हावो न इथं."

मी गेले. ग्रंथ दिला. साहेबांनी तो न पाहता मागच्या माणसाकडे दिला, त्याने खुर्चीखाली ठेवला. मग साहेब बोलले. ग्रामीण प्रतिभा, उद्याचे उद्योजक वगैरे. मंचावरून मला आमचं दुकान दिसत होतं. काकू तव्यावर वाकल्या होत्या. मुलगी पुठ्ठा सरळ करून राहिली होती. माझं लक्ष भाषणात नव्हतं, पण उठून जायची हिंमतही नव्हती. मोठेपणाच्या देखाव्याला मी आयुष्यभर हसत आले, आणि नेमक्या त्या दिवशी त्याच्यासमोर हात बांधून बसले.

भाषणानंतर साहेब दुकानं पाहत निघाले. पुढे फोटोवाला, भोवती शिक्षक, सगळ्यांच्या मागे मी. आमच्या दुकानापाशी काकूंनी पदर सावरला आणि ताटलीत सँडविच ठेवलं. साहेबांनी एक घास घेतला.

"वा! लय खुसखुशीत झालं बाप्पा!"

माझं सँडविच खुसखुशीत होत नाही. कधीच झालं नव्हतं. पुढच्या क्षणी वास आला. कढवलेल्या घरच्या तुपाचा, खमंग.

साहेबांनी तुकडा मोडला आणि मुलीकडे वळले. "आता एक घास मालकिनीले!"

"साहेब, जरा इकडं पाहा," फोटोवाला म्हणाला.

मुलीने तोंड उघडलं. बाहेर कुणाच्या हातचं काही खायचं नाही, हे तिला पाठ होतं. पण हे तिचं दुकान होतं. तिचंच सँडविच होतं.

मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. गर्दीतून मी साहेबांच्या हातावर हात मारला तेव्हा तुकडा अर्धा आत गेला होता. मी तिच्या तोंडात बोटं घालून तो काढला, बाटलीतल्या पाण्याने चूळ भरायला लावली. साहेब आपल्या बोटांकडे पाहत उभे होते.

"अवं, काय झालं?" काकू म्हणत होत्या. "तूप हाय फक्त! पाव्हन्याले कोरडं कसं देऊ? उपासाले चालते न तूप!"

खालचा ओठ डोळ्यांदेखत जाड होऊ लागला. मानेवर लाल गांधी उठल्या. मग ती खोकली. पर्समधलं औषध पाजलं, मुख्याध्यापकांच्या गाडीवर मागे बसून तिला मांडीत घट्ट धरलं आणि ग्रामीण रुग्णालय गाठलं. रस्ता पाच मिनिटांचा. ती पाच मिनिटं मी तिच्या पाठीला कान लावून होते, आणि गाडीच्या आवाजात मला काहीच ऐकू येत नव्हतं.

डॉक्टरांनी मांडीत इंजेक्शन दिलं. "श्वास ठीक आहे. पण परत उसळू शकतं. संध्याकाळपर्यंत इथेच बसा."

आम्ही बसलो. ती झोपली की मी तिच्या नाकाशी बोट धरायची. जागी झाली की ती विचारायची, "आई, मेळावा सरला काय?"

काकू आल्या त्या व्हरांड्यातच थांबल्या. आत यायला तयार होईनात.

"मले सांगाले पाह्यजे होतं तुनं."

"सांगितलं होतं काकू. दूध नाही म्हणून."

"मंग दूध कुठी घातलं मी?"

त्यांचं म्हणणं खरं होतं, माझंही खरं होतं. त्यांच्या उपासाच्या यादीत तूप सगळ्यांत निर्मळ, म्हणून तर तेल बाजूला सारून त्यांनी तेच लावलं होतं. घरून डबीत आणलेलं, माझ्या मुलीचं दुकान पाहुण्यासमोर कमी पडू नये म्हणून. मी चार वर्षं नुसती मान हलवत आले होते. तूप म्हणजे दूधच, हे एकदाही तोंडाने म्हटलं नव्हतं, आणि काकूंनी तर तो तुपाचा प्रश्न कधी विचारलाच नव्हता. काकू भिंतीकडे तोंड करून रडल्या. मला त्यांच्याजवळ जायचं होतं, पण मुलीच्या नाकाशी धरलेलं बोट काढायची भीती वाटत होती.

शाळेच्या ग्रुपवर फोटो आला. साहेबांचा हात पुढे, माझं तोंड वासलेलं. खाली लिहिलं होतं, 'पालकांचा उत्स्फूर्त प्रतिसाद'.

दोन दिवस मुलगी फक्त भात आणि वरण जेवली. तिसऱ्या दिवशी मी सँडविच केलं. तिने हातात घेतलं, नाकाशी नेलं, खाली ठेवलं.

"पाह्य, मी खाते आधी," मी म्हणाले आणि एक घास घेतला.

"तुले काय होते खाऊन?"

मी ती ताटली बाजूला सारली.

मग मी सगळं पहिल्यापासून केलं. ती ओट्यावर पाय सोडून बसली. तवा तिच्यासमोर घासला. उलथनं घासलं. ती म्हणाली, "हात?" हात धुतले. तेलाच्या बाटलीचं झाकण उघडून तिने वास घेतला. शेंगदाण्याच्या वाटीत बोट घालून पाहिलं. भाजून झाल्यावर तिने अर्धं सँडविच खाल्लं, तार न ओढता, आणि गळ्यावर हात ठेवून बसली.

"किती वेळ पाह्याचं आई?"

"अर्धा तास," मी म्हणाले.

आम्ही दोघी घड्याळाकडे पाहत राहिलो. उरलेलं अर्धं ताटलीत गार होत होतं.