रोहूला चालवणारी

आमच्या गावाला पाणी पुरवणाऱ्या तलावात कोणकोणते मासे आहेत, हे पाहायला परवा काही माणसं आली होती. फिरता फिरता मी बांधावर थांबलो. जाळ्यात आलेला मासा टबात घ्यायचा, त्याची लांबी आणि वजन बघायचं आणि पुन्हा पाण्यात सोडायचा, असं त्यांचं चाललं होतं. सोडलेला मासा क्षणात दिसेनासा होई. एक मोठा रोहू मात्र पोट वर करून तरंगू लागला.

त्यांच्यातली एक तरुणी तशीच कमरेएवढ्या पाण्यात उतरली. तिने त्याला दोन्ही हातांनी सरळ धरलं आणि कल्ल्यांतून पाणी खेळावं म्हणून त्याला घेऊन ती काठाकाठाने हळूहळू चालू लागली.

"मॅडम, चहा गार होतोय," जाळं टाकणारे काका म्हणाले. "एवढ्या तळ्यात एक मासा मेला तर काय बिघडतं?"

"काका, तो सुखात होता. आपणच काढला ना त्याला बाहेर?" ती म्हणाली आणि चालतच राहिली.

फूल असो, पाखरू असो, कधी माणूसही. कुतूहलापोटी आपण हातात घेतो आणि ते भागलं की हात झटकून मोकळे होतो. हवं ते कळल्यावरही हात न सोडणारं कुतूहल मी प्रथमच पाहत होतो.

बऱ्याच वेळाने शेपटी हलली. तिने बोटं सैल केली, तरी तो जरा वेळ तिच्या तळव्यांवरच थांबला. मग तिच्या तोंडावर पाणी उडवून सरळ खोल गेला.

"गेला!" ती आनंदाने ओरडली. एकमेकांची ओळखही नसलेले काका आणि मी रोखलेला श्वास सोडून एकदमच हसलो.