भाव न करता केळी घेणारी बाई

इंग्रजी शिकवायचे व्हिडिओ विकायला आलेल्या माणसाने पहिला व्हिडिओ स्वतःच निवडून लावला, तेव्हाच मला संशय आला. विकणारा वरचा माल दाखवतो. मी मधला काढायला लावतो. इंग्रजीचा क्लास मी असाच शून्यातून उभा केला. शहरातल्या एका मोठ्या शाळेने ‘उच्चार गावठी आहेत’ म्हणून मला दारातून परत पाठवलं होतं. आता त्याच शाळेने मोठ्या पडद्याचा संध्याकाळचा क्लास काढला होता, आणि माझी मुलं एकेक करून तिकडे सरकत होती.

नदीपलीकडच्या जैनाबाद गावाहून येणाऱ्या दहावीतल्या एका मुलीचे वडील, केळी लावणारे शेतकरी, मला बजावून गेले होते. “सर, पोरगी इंग्रजीत तोंडच उघडत नाही. या महिन्यात बोलली तर ठीक, नाहीतर तिकडे टाकतो.” लिहायला ती सगळ्यांत हुशार. तिने त्या शाळेची पायरी चढावी, हे मला सोसणारं नव्हतं. म्हणून तर व्हिडिओवाल्याला बोलावलं.

त्याच्या व्हिडिओत एक माणूस केक घेऊन साबणाच्या फेसावरून घसरला. पहिली बॅच खदाखदा हसली.

“देखा सर? सगळं समजतंय पोरांना!”

“थांबा.” पुढच्या बॅचला मी तोच व्हिडिओ आवाज बंद करून दाखवला. तीही तिथंच, तेवढीच हसली.

“यात इंग्रजी कुठंय? हे तर आमच्या म्हशीलाही कळेल.”

“तुम्ही फार शक्की आहात, सर.”

“म्हणून टिकलोय. तो मधला लावा.”

“तो साधा आहे. बोअर होतील.”

मग तर तोच हवा होता. एक बाई दुकानात जाते, केळ्यांचा भाव विचारते, दुकानदार सांगतो तेवढे पैसे देते, आभार मानते, निघून जाते. केळ्यांना बोटसुद्धा लावत नाही! माझं डोकं फिरलं. तेवढ्यात मागून आवाज आला, “ये पागल है क्या? भाव तो कियाच नहीं!”

जैनाबादची मुलगी उभी राहिली होती.

“मी दुकानदार,” मी म्हणालो. “इंग्रजीत कर भाव.”

ती जरा घुटमळली. मग म्हणाली, “युवर बनाना इज ग्रीन. टू मच प्राइस.”

“व्हेरी गुड बनाना, मॅडम. फिक्स रेट.”

“माय फादर ग्रोज बनाना. डोंट टीच मी!”

पोरांनी बाकं वाजवली. पण मी तसूभर हललो नाही, सवयच नाही. तिने दप्तर उचललं आणि दाराकडे निघाली. पाठ फिरवणं हा भावातला शेवटचा डाव, मी रोज खेळतो. पण दप्तर कशाला? चपला का घालतेय? बापाने आजच ठरवून तर पाठवलं नाही हिला?

“कम बॅक!” मी ओरडलो. “टेक! युवर प्राइस!”

ती उंबऱ्यात वळली. “नाऊ वन डझन. अँड टू फ्री.”

व्हिडिओवाला तोंडावर रुमाल धरून हसत होता.

“आधी चपला काढ,” मी मराठीत म्हणालो. “मग देतो.”