गोळ्या चालू, गाठ वाढती

नानांनी माझ्या टेबलावर एक दोरा ठेवला. त्यावर हळदीच्या आठ-नऊ खुणा होत्या.

"दर आठवडाना बाजारले सुरेखानी मान मापी," ते म्हणाले. "देखा, कितली वाढनी! तुम्हीन त सांगं व्हतं, गोया खाद्यात का कमी व्हई."

मी साक्री तालुक्यात टीबीचा सुपरवायझर. गोळ्या पोचतात का, पेशंट खातो का, हे बघणं माझं काम. नाना पिंपळनेरकडच्या एका पाड्यावरचे. शेजारी बसलेली सुरेखा त्यांची सून. तिला मानेतल्या गाठीचा टीबी. दोन महिने तिने नेमाने गोळ्या घेतल्या. गाठ आधी थोडी उतरली, मग वाढायला लागली. दहा दिवसांपासून गोळ्या बंद. शनिवारी डाम द्यायचा, म्हणजे तापल्या लोखंडाचा चटका, हेही ठरलेलं.

चूक माझी होती. "गाठ कमी होत जाईल" असं मी छातीठोकपणे सांगून बसलो होतो. त्यांनी शब्द मोजून पाहिला, इतकंच.

धुळ्याच्या डॉक्टर मॅडमना फोन लावला.

"औषध लागू पडत नसेल," त्या म्हणाल्या. "किंवा अगदी उलट, ते चांगलं लागू पडतंय. सुईने पुन्हा सॅम्पल घ्या. कल्चरला वेळ लागेल. गोळ्या मात्र आजच सुरू."

ते 'उलट' मी नानांना समजावलं. जंतू आला की आपल्या पेशी त्याला गिळतात. टीबीचा जंतू चिवट, तो गिळणाऱ्याच्याच पोटात बिऱ्हाड थाटतो. मग बाकीच्या पेशी भोवती कोंडाळं करतात. आजार वाढला की त्याही थकतात. गोळ्यांनी जंतू मरू लागले की त्यांना पुन्हा जोर येतो. मेलेल्या जंतूंच्या तुकड्यांवरही त्या तुटून पडतात, आणि गाठ सुजते.

"म्हंजे काटा मोडना का पाय सुजस, तसं," नाना म्हणाले. "काटा काय वाढस नही."

वीस वर्षांच्या नोकरीत मला इतकं सोपं सुचलं नव्हतं.

सुरेखा पहिल्यांदाच बोलली. "मंग आते कमी व्हई ना?"

'हो' अगदी जिभेवर आलं होतं.

"माहीत नाही, ताई. अजून वाढेल, कदाचित फुटेलही. औषध चालत नाही असं निघालं तर बदलू. पण मध्येच बंद केलंत तर जंतू औषधाला सरावेल. मग फार अवघड होईल."

नानांनी दोरा गुंडाळून खिशात घातला. "आते खरं बोलनात," ते म्हणाले.

सुरेखाने गोळ्यांसाठी पाणी मागितलं. डाम राहिला.

गाठ खरंच वाढली आणि फुटली. ते दिवस मी फार धास्तावून काढले. आपण हिला भरीला घालून बुडवलं तर नाही ना, हा किडा डोक्यातून जाईना. अखेर रिपोर्ट आला. त्या दिवशी सुईने घेतलेलं सॅम्पल कल्चरला, म्हणजे जंतू उगवतो का ते बघायला, लावलं होतं; त्यात जिवंत जंतू उगवलाच नव्हता. म्हणजे औषध आपलं काम करत होतं, आणि तिच्या पेशीही. कोर्स संपेपर्यंत जखम भरली, गाठही बसली.

आता मी प्रत्येकाला पहिल्याच दिवशी सांगतो, गाठ मध्येच वाढू शकते. काही जण घाबरतात. एकाने तर "दुसरा साहेब नही का?" म्हणून विचारलं. चालायचंच. गोळ्या मात्र त्याने एकदाही चुकवल्या नाहीत.