आईचा एकुलता एक बुफे

आई-अप्पांच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून भावाने आम्हाला कोल्हापूरजवळच्या एका रिसॉर्टवर नेलं. दोन हजार सालानंतरची गोष्ट. असली रिसॉर्टं आमच्याकडे तेव्हा नुकती निघत होती. अप्पांचं पेठ वडगावात कापडाचं दुकान. आई लग्न होऊन त्या घरात आली ती स्वयंपाकघरातच राहिली. दुकानातले नोकर, पाहुणे, अप्पा, मग आम्ही भावंडं, असे सगळे जेवून उठले की उरलेलं घेऊन ती बसायची. लग्नकार्यातही ती कायम वाढणाऱ्या बायकांत.

रिसॉर्टचं हॉटेल आफ्रिकन धर्तीवर सजवलेलं. गवताचं छप्पर, भिंतींवर लाकडी मुखवटे आणि भाले, खुर्च्यांना झेब्र्याच्या पट्ट्यांचं कापड. रात्री दिवे मंद ठेवले होते आणि कोपऱ्यात एक माणूस ढोल वाजवत होता. मधल्या लांब टेबलांवर झाकणाची मोठमोठी भांडी. आम्ही शाकाहारी, म्हणून मटण-कोंबडीचं टेबल सोडलं, तरी उरलेलं काही कमी नव्हतं.

आईने आधी अप्पांचं ताट भरून आणलं आणि तशीच उभी राहिली. "हितं वाढणारं कोण न्हाय?"

"न्हाय गं. आपलं आपणच घ्यायचं. पायजे तेवढं, पायजे तितक्यांदा," मी म्हणाले.

एका भांड्यात दाण्याचा दाट रस्सा होता, रताळं घातलेला. तिने उभ्याउभ्याच चाखला आणि हसली. "अगं, ही आपली शेंगदाण्याची आमटीच की! पण रताळं कोण घालतंय हिच्यात?" मक्याच्या पिठाचा वाफाळता गोळा तिला फारच आवडला. तो कसा करतात ते तिने आचाऱ्याला विचारून घेतलं आणि आणखी एक घेतला. मग चवळी, भाजलेलं केळं, पुन्हा रस्सा. आईला एवढी भूक असते हे मी त्या रात्री पहिल्यांदा पाहिलं.

ती पुन्हा ताट भरून येत होती. तेवढ्यात ढोल थांबला, आणि अप्पांचा दुकानातला आवाज सगळ्या हॉटेलभर गेला. "मोकाट जनावरागत काय फिरतीयास? घरात उपाशी मारतोय व्हय मी तुला?"

शेजारच्या टेबलांवरची माणसं वळली. कुणीतरी हसलं.

"अप्पा, हळू," भाऊ म्हणाला.

"हळू कशाला? खोटं हाय काय?"

आईने भरलेलं ताट टेबलावर ठेवलं, हात धुतले आणि खोलीवर निघून गेली.

सकाळचा नाश्ता त्याच जागी होता. उजेडात गवताखालचे पत्रे दिसत होते, मुखवट्यांचा रंग उडालेला होता. इडली, उपमा, ब्रेड, कापलेली पपई. रात्रीच्या मानाने सगळंच पडेल, आणि आफ्रिकेचं तर काहीच नाही. आई अंघोळ करून, चापूनचोपून साडी नेसून आली आणि अप्पांसमोर बसली. आम्ही आपापल्या बश्या घेऊन आलो. अप्पा तसेच बसून.

"आण की माझं," ते म्हणाले.

"हितं ज्याचं त्यानं घ्यायचं असतंय."

"म्हंजे?"

"म्हंजे उठायचं. मी न्हाय फिरणार आता."

भाऊ उठायला लागला तसं आईने त्याचं मनगट धरलं. "बस तू."

माणसं येत होती, खाऊन जात होती. अप्पा समोरच्या भिंतीकडे बघत नुसतं पाणी प्यायले. वेटर भांडी उचलायला लागले तेव्हा आम्ही निघालो. दोघंही उपाशीच गाडीत बसली.

घरी गेल्यावर निवळेल असं मला वाटलं होतं. आई रांधत राहिली, अप्पांना वाढत राहिली, पण त्यांच्यादेखत तिने परत कधी तोंडात घास घातला नाही. लग्नाच्या जेवणांनाही जाईना. कुणी विचारलं तर पोट बरं नाही म्हणायची.

पुढे अप्पांना अर्धांगवायू झाला. आई त्यांना चमच्याने पेज भरवायची. एका दुपारी मी तिथे असताना त्यांनी जड जिभेने तिला विचारलं, "तू... जेवलीस?"

तिने त्यांची हनुवटी पुसली, वाटी उचलली आणि आत गेली. ते माझ्याकडे वळले. "जेवली का ती?"

मला ठाऊक नव्हतं. मी तसं सांगितलं. त्यांनी परत विचारलं.