येते म्हणणारं घर

मिशनने नवऱ्याची चर्चचा पाळक म्हणून परदेशात नेमणूक केली आणि पाळकीणबाई त्याच्यामागोमाग तिथे आल्या, तेव्हा तिथल्या भाषेतलं त्यांना ‘धन्यवाद’ आणि ‘माफ करा’ एवढंच येत होतं. एवढ्या भांडवलावर त्यांनी पहिलं वर्ष काढलं. नुसतं काढलं नाही, त्यात नाव कमावलं.

झालं असं, की प्रार्थनेचं सभागृह खाली, वर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, आणि दाराची घंटा मात्र एकच. पाळकांच्या पायाला भिंगरी. कधी रुग्णालय, कधी तुरुंग, कधी एखाद्या एकट्या म्हाताऱ्याचं घर. त्यामुळे देवाला हाक मारायला आलेल्या माणसाला ‘ओ’ द्यायच्या त्या पाळकीणबाईच. त्या माणसाला वर आणायच्या, खिडकीजवळच्या लाकडी खुर्चीत बसवायच्या, हातात चहाचा कप द्यायच्या. पहिली आली ती कोपऱ्यावरची लॉन्ड्रीवाली. तिने नवऱ्याची कहाणी पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली. बाईंना त्यातलं एक अक्षर कळलं नाही. पण समोरचं माणूस हुंदका देतं तेव्हा मान कशी हलवायची, हे कळायला काही व्याकरण लागत नाही. लॉन्ड्रीवाली डोळे पुसून खाली उतरली आणि गल्लीभर सांगत सुटली, की बाई असावी तर अशी. मध्ये बोलत नाही, सल्ला देत नाही, तुझंच चुकलं म्हणत नाही. पुढे बाईंना भाषा आली, तरी ही सवय त्यांनी सोडली नाही. त्या खुर्चीला मात्र घरात ‘रडायची खुर्ची’ हे नाव पडलं. ते ठेवलं गब्बूने.

गब्बू म्हणजे त्यांचा मुलगा. जन्मतःच गाल असे, की दुसरं नाव कुणाला सुचलंच नाही. तो तिथेच जन्मला, तिथल्याच शाळेत जाऊ लागला आणि तिथली भाषा पाण्यासारखी बोलू लागला. पण घरात मराठी, हा बाईंचा कायदा. अख्ख्या शहरात मराठी बोलायला दुसरं माणूस नव्हतं, म्हणून गब्बू जन्मायच्या आधीपासूनच त्या इस्त्रीशी मराठी बोलायच्या, शेगडीशी मराठी भांडायच्या, बंद पडलेल्या हीटरची मराठीत हजामत करायच्या. मुलगा ते ऐकत वाढला. हातांनी काम आणि तोंडाने भाषा, असं एकाच वेळी दोन्ही शिकला. आजी नाही, आत्या नाही, मावशी नाही, खेळायला चुलतभाऊ नाही, आणि तरी पोरगं अस्सल मराठी बोलत होतं. ऐकणाऱ्याने तोंडात बोट घालावं. ही सगळी एकट्या बाईची कमाई, आणि तिचा त्यांना अभिमान होता. का नसावा?

कमाईत एकच खोट होती. गब्बू बाईंची मराठी बोलायचा. म्हणजे अगदी बाईंचीच.

“आई, मी शाळेत जाते!” तो दारातून ओरडायचा. “मी दूध प्याले.” “मी दमले बाई.” कमरेवर हात ठेवून, खोलीभर नजर फिरवून म्हणायचा, “बाई बाई बाई, काय हा पसारा!” आणि शर्टाशी झटापट करताना, “हे मेलं बटण लागतच नाही.”

लहान होता तोवर बाई हसल्या. मग एकदा त्यांनी त्याला समोर बसवलं.

“गब्बू, ‘जाते’ नाही म्हणायचं. ‘जातो’ म्हण.”

“तू तर ‘जाते’ म्हणतेस.”

“मी बाई आहे. पुरुष ‘जातो’ म्हणतात.”

“कोण पुरुष?”

“कोण म्हणजे? बाबा!”

गब्बूने गाल फुगवून विचार केला. तिथल्या भाषेत बोलणारा बाप्या आहे की बाई, याचं क्रियापदाला काही सोयरसुतक नव्हतं, त्यामुळे त्याला ही भानगड नवीनच होती. “बाबा तर म्हणतात, ‘आम्ही तुझे आभार मानतो.’”

“अरे, ती प्रार्थना झाली.”

“मग आणखी काय म्हणतात?”

बाई आठवून पाहू लागल्या. खरंच, आणखी काय म्हणतात? पाळक सकाळी निघायचे तेव्हा पोरगं झोपेत. परतायचे तेव्हा पुन्हा झोपेत. रविवारी सगळा दिवस मंडळींच्या गराड्यात. आणि आठवड्यातला जो एक तास बापलेक मांडीला मांडी लावून बसायचे, त्यात पाळक त्याला आपला उपदेश वाचून दाखवायचे, तिथल्या भाषेत. गब्बू त्यांचे उच्चार सुधारायचा. “असं नाही बाबा, ओठ गोल करा,” असं शिकवायचा, आणि देवाचा हा सेवक मुकाट्याने ओठ गोल करायचा. दोघांनाही त्या तासाची मोठी गोडी होती. फक्त त्यात मराठी नव्हती. घरात पाळकांची मराठी जेवणाआधीच्या प्रार्थनेत ऐकू यायची, आणि प्रार्थनेत माणूस सगळ्यांच्या वतीने बोलतो. ‘आम्ही येतो, आम्ही मागतो, आम्ही चुकतो.’ ‘मी’ म्हणणारा बाप पोराने ऐकलाच नव्हता.

बाईंनी स्वतः प्रयत्न करून पाहिला. एक दुपारभर त्या पुरुषासारख्या बोलल्या. “मी आता कपडे वाळत घालतो. मी आता जिना झाडतो.” गब्बू पोट धरधरून जमिनीवर लोळला. त्याचं बघून त्याही लोळायच्या बाकी राहिल्या. नाद सोडावा लागला.

नवऱ्याला का सांगितलं नाही? हा प्रश्न त्यांनी स्वतःलाही बरेचदा विचारला. पाळक दमून घरी यायचे ते कुणाचं मरण, कुणाचा तुरुंगातला मुलगा असं काहीतरी डोळ्यांत घेऊन यायचे. भला माणूस. कुणाला नाही म्हणणं त्याला जमायचंच नाही. त्याला आता हे कसं सांगायचं, की तुमच्या मुलाला तुमची भाषा येत नाही, कारण तुम्ही त्याच्याशी बोलतच नाही? ते त्याच्या जिव्हारी लागलं असतं. बाईंना ते नको होतं. स्वतःच्या वाट्याला आलेलं एकटेपण त्यांनी कधी हिशेबात धरलं नाही, त्याची तक्रार केली नाही. याही बाबतीत त्यांनी ओठ मिटून घेतले.

पण शनिवारी सासूबाईंचा फोन यायचा, आणि सासूबाई म्हणजे निवृत्त शिक्षिका. आयुष्य दुसऱ्यांचे ‘न’ आणि ‘ण’ दुरुस्त करण्यात गेलेलं. बाईंनी शक्कल लढवली. गब्बूला पढवून ठेवलं, की आजीशी बोलताना ‘आम्ही’ म्हणायचं. ‘आम्ही जातो’ म्हणायला बाई काय आणि बाप्या काय, सारखंच.

“आजी, आम्ही बरे आहोत. आम्ही अभ्यास करतो. आम्ही आता जेवतो.”

“अगं सूनबाई,” सासूबाई पलीकडून म्हणायच्या, “हा गादीवर बसलाय का गं कुठल्या? नुसतं आम्ही, आम्ही! साधं ‘मी’ म्हण रे, राजेसाहेब.”

बाई घाईघाईने फोन आपल्याकडे घ्यायच्या आणि सासूबाईंच्या गुडघ्याची चौकशी सुरू करायच्या. गुडघ्याचा विषय निघाला, की नातवाचं व्याकरण मागे पडायचं.

असं किती दिवस चाललं असतं कुणास ठाऊक. पण एका शनिवारी सासूबाई म्हणाल्या, “मी येतेय. तिकीट काढलं. गुडघा गेला खड्ड्यात, मला नातू बघायचाय.”

पाळकांना आनंदाने काय करू नि काय नको झालं. बाईंनाही झाला आनंद. इतक्या वर्षांत पहिल्यांदा घरचं माणूस घरात येणार होतं. पण सासूबाई पहिल्याच वाक्याला पकडणार, आणि त्यांची जीभ काही हातचं राखून बोलणारी नव्हे. लेकाला तोंडावर सुनावणार.

सासूबाई आल्या त्या दिवशी पाळकांनी चक्क सुट्टी घेतली. गब्बू लाजून आईच्या पाठीमागे लपला आणि विमानतळापासून घरापर्यंत मान हलवण्यापलीकडे गेला नाही. बाई मनात म्हणाल्या, असाच लाजत राहा रे बाळा. जेवायला सगळे टेबलाशी बसले. पाळकांनी प्रार्थनेसाठी हात जोडले, तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, “आज तू नको. आज माझा नातू प्रार्थना करेल.”

बाईंचा जीव भांड्यात पडला. प्रार्थना! म्हणजे ‘आम्ही’. निभावलं.

पण गब्बूला फोनवरचं आजीचं बोलणं आठवत होतं. आजीला ‘आम्ही’ आवडत नाही. त्याने डोळे घट्ट मिटले.

“हे प्रभो, मी तुझे आभार मानते. मी आज आजीला भेटले, म्हणून मी खूप खूश झाले. आजीचा गुडघा बरा कर. आणि बाबांना लवकर घरी पाठवत जा. मी रोज त्यांची वाट बघते, आणि मग झोपून जाते. आमेन.”

सासूबाईंनी आमेन म्हटलं. बाईंनी म्हटलं. पाळकांचं आमेन काही आलं नाही. ते डोळे उघडून मुलाकडे बघत राहिले होते.

“हा... हा असा बोलतो?” त्यांनी बायकोला विचारलं.

“लहान आहे अजून,” बाई घाईने म्हणाल्या. “जाईल हळूहळू. आई, भाजी घ्या ना.”

बाई आता सासूबाईंच्या तोंडाकडे बघत होत्या. आता कडाडणार! पण सासूबाईंनी भाजी वाढून घेतली आणि शांतपणे लेकाला म्हणाल्या, “तूसुद्धा असाच बोलायचास.”

“मी?”

“मग! तुझे वडीलही पाळकच होते. आज या गावाला, उद्या त्या गावाला. तू ‘मी येते, मी खाते’ करत माझ्या पदराला धरून फिरायचास. शाळेत घातलं तेव्हा पोरं हसली तुला.”

“मला कसं काही आठवत नाही?”

“आठवायला टिकलं कुठे? तुझा काका होता घरात. मामा सुट्टीला यायचा. शेजारचा दादा सायकलवर पुढे बसवून न्यायचा. त्यांचं ऐकून महिन्याभरात सुधारलास. मला शिकवावंसुद्धा लागलं नाही.” त्यांनी गब्बूच्या गालावरून हात फिरवला. “इथे याला कोण आहे रे?”

 जेवण झाल्यावर पाळक उठले आणि ताटं घासायला लागले. बाई नको नको म्हणत होत्या, तर म्हणाले, “राहू दे. आणि तू मला सांगितलं का नाहीस, तेही मला कळलंय.” बाईंना एकदम रडू आलं. इतक्या लोकांना ज्या खुर्चीत बसवलं, त्या खुर्चीत त्या पहिल्यांदाच स्वतः बसल्या आणि पदरात तोंड खुपसून पोटभर रडल्या.

दुसऱ्या दिवसापासून घरात गंमत सुरू झाली. पाळक मुलाला उठवायचे, आरशापाशी न्यायचे आणि स्वतःचं धावतं वर्णन करायचे.

“मी आता दाढी करतो. मी साबण लावतो. मी गाल फुगवतो, तुझ्यासारखा. मी आता ओरडतो, कारण मला कापलं!”

“बाबांना काय झालंय?” गब्बू आईला हळूच विचारायचा.

“काही नाही. शिकवणी चालू आहे.”

“कुणाची?”

ते बाईंनाही नक्की सांगता आलं नसतं. उपदेशाचा तास तसाच राहिला, ओठ अजून गोल व्हायचे. पण त्यानंतर पाळक दिवसभरात कुठे गेले, कुणाला भेटले, कुठे त्यांची फजिती झाली, ते मराठीत सांगू लागले. सगळ्या संध्याकाळी काही त्यांना घर गाठता आलं नाही. माणसं मरायची थांबत नाहीत आणि पाळकाला बोलवायचीही. पण निघताना ते आता गुपचूप निघत नसत. जिन्यातून मोठ्याने म्हणायचे, “येतो रे गब्बू!” आणि गब्बू वरून ओरडायचा, “मी पण येते!”

सासूबाई परत गेल्या तेव्हाही तो ‘येते’च म्हणत होता. निरोप घेताना बाईंनी त्यांची माफी मागितली. सासूबाई म्हणाल्या, “वेडी आहेस का? एकटीने एवढी भाषा उभी केलीस. त्यात एक काना राहिला, तर तो काय तुझ्या एकटीचा होता? तो त्याच्या बापाने द्यायचा होता.” व्याकरणाच्या शिक्षिकेकडून याहून मोठं प्रशस्तिपत्र मिळत नाही. बाईंनी ते जन्मभर जपलं.

आणि मग एका साध्यासुध्या दुपारी ते घडलं. लॉन्ड्रीवालीचा नवरा आजारी होता आणि पाळक त्याला भेटायला निघाले होते. बाई बेसिनपाशी कप विसळत होत्या. जिन्यातून हाक आली, “येतो गं!” लगोलग आतल्या खोलीतून, एका पायात बूट घालून, लंगडी घालत गब्बू धावला.

“थांबा बाबा, थांबा! मी पण येतो!”

बाईंच्या हातातला कप हातातच राहिला. जिन्यात पाळकही थबकले असावेत, कारण पावलांचा आवाज थांबला. मग ते नेहमीच्याच आवाजात म्हणाले, “चल. दुसरा बूट घाल आधी.”

“या,” बाई वरूनच म्हणाल्या. “दोघं सांभाळून या.”

त्यांना आनंद झाला. इतका, की एकट्याच हसल्या. ज्याची वर्षानुवर्षं वाट पाहिली ते कानांनी ऐकलं होतं. खिडकीतून त्यांनी पाहिलं, तर रस्त्यावर बापाच्या लांब ढांगांशी बरोबरी करत पोरगं चाललं होतं आणि हातवारे करून काहीतरी सांगत होतं. कपाळावर हात मारायची लकब मात्र अजून बाईंचीच होती. आणि त्या आनंदातच कुठेतरी त्यांच्या काळजात बारीक कळ आली.

खाली घंटा वाजली. कुणीतरी आलं होतं. बाईंनी पदराला हात पुसले आणि चहाचं आधण ठेवलं.

“आले हं, आले!” त्या जिन्याकडे जात मराठीतच म्हणाल्या. आता त्या घरात ‘आले’, ‘येते’ म्हणणाऱ्या त्या एकट्याच उरल्या होत्या.