भाकरीच्या मशीनची मुदत

आमच्या ऑफिसात दोन टेबलं, एक कपाट आणि अडीच माणसं. सर, मी, आणि दुपारपर्यंतच थांबणाऱ्या झाडझुडीच्या शांताबाई. सोलापुरात पेटंटचं ऑफिस कशाला, असं पुण्याचे लोक विचारतात. सोलापूरचे लोक वर येऊन रेशन कार्डाचा फॉर्म मिळेल का, असं विचारतात. अशा ठिकाणी वीस-एक वर्षं बसलं की किस्से साठतात, माळ्यावर रिकामे डबे साठावेत तसे. टाकवत तर नाहीत, आणि पाहुणे आले की एकेक खाली निघतो.

माझ्या ड्रॉवरमध्ये एक वही आहे. सर तिला ‘ड्यू डेट रजिस्टर’ म्हणतात, मी वाढदिवसांची वही म्हणते. पेटंटचं आयुष्य वीस वर्षं. पण मिळाल्यावर ते दरवर्षी फी भरून जगवावं लागतं, नाहीतर मधेच मान टाकतं. म्हणून तारीख जवळ आली की मी ज्याला त्याला फोन करते. सर म्हणतात, ईमेल टाका. ईमेल टाकून कुणाच्या सुनेला काय झालं ते कळतं का?

*

बार्शीचे एक प्रोफेसर. अर्ज भरून पाच वर्षांनी त्यांना पेटंट मिळालं. पेढे घेऊन आले आणि कौतुकानं सांगू लागले, की घरच्या भिंतीवर आजपासूनची वीस वर्षं मांडून ठेवलीत. सरांनी पेढा तोंडात टाकला आणि मगच खरं सांगितलं. वीस वर्षं सर्टिफिकेटच्या तारखेपासून नाही, अर्जाच्या तारखेपासून मोजतात. पाच केव्हाच गेली.

प्रोफेसरांनी पेढ्यांचा बॉक्स स्वतःकडे ओढला. मला वाटलं, आता बॉक्स परत नेतात.

“म्हणजे ॲडमिशनपासून मोजायचं, रिझल्टपासून नाही,” ते म्हणाले. “मग मागच्या पाच वाढदिवसांचे पेढे राहिले की.”

दुसऱ्या दिवशी खरोखर पाच बॉक्स आले. शांताबाईंच्या गल्लीत त्या दिवशी सगळ्यांना पेटंट म्हणजे काय ते कळलं.

*

सांगोल्याच्या गुरुजींनी डाळिंबाचे दाणे न फुटता सोलणारं यंत्र आणलं होतं. म्हणजे आणलं त्यांनी, डोकं धाकट्या भावाचं. भाऊ अर्ज भरायच्या आधीच वारला. गुरुजींची एकच अट होती, शोध लावणारा म्हणून नाव भावाचंच लागलं पाहिजे. लागलं.

पुढे त्यांच्या एका माजी विद्यार्थ्यानं आग्रह धरला, दक्षिण आफ्रिकेतही डाळिंब होतं, तिथेही अर्ज करा. इथल्या अर्जाला वर्ष पूर्ण व्हायच्या आत दुसऱ्या देशात गेलं, तर तिथेही पहिली तारीख आपलीच धरतात, मधे कुणी घुसू शकत नाही. आम्ही अकराव्या महिन्यात केला. एकाच शोधाची अशी देशोदेशीची पेटंटं म्हणजे एक कुटुंब, सर त्यांना समजावत होते. पण वीस वर्षं मात्र प्रत्येकानं आपापल्या देशातल्या अर्जापासून मोजायची.

गुरुजींनी बोटांवर हिशेब केला. “म्हणजे हितला थोरला आधी जाणार, आणि तितला धाकटा अकरा महिने मागं ऱ्हाणार.”

सर हो म्हणाले. गुरुजींनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला.

“बरं हाय,” ते म्हणाले. “असंच व्हायला पायजे असतंय.”

सर उगाचच फाईल शोधायला कपाटाकडे गेले. मीही वहीत डोकं घातलं.

*

आता मल्लिनाथ आण्णा. मी नुकतीच नोकरीला लागले होते तेव्हा हे अक्कलकोट रोडवरून सायकलवर आले, कॅरिअरला गोणपाटात बांधलेलं लोखंडी धूड. बायको, गौराक्का, कडक भाकरी करून दुकानांना देत. दिवसाला दीडशे भाकऱ्या थापून त्यांची मनगटं गेली होती. ज्वारीची भाकरी यंत्रात दाबली की कडा चिरतात. आण्णांनी ती न चिरता दाबायची युक्ती काढली होती.

सरांनी विचारलं, यातून किती धंदा होईल असं वाटतं? आण्णा म्हणाले, “धंद्याचं मला काय ठाव न्हाय. गौराक्काचं मनगट ऱ्हायलं पायजे.”

अर्जात हे कुठे लिहायचं, ते सरांना सुचेना.

दरवर्षी मी फोन केला की आण्णा तारखेच्या दिवशी हजर, हातात डबा. वर कडक भाकरी, खाली शेंगाचटणी. भाकऱ्या सगळ्या एका मापाच्या, कडा गुळगुळीत. सर त्यांना ‘प्रिंट काढलेल्या’ म्हणायचे.

सातव्या-आठव्या वर्षी आण्णांनी मशीनला पायानं दाबायचा पेडल बसवला, हाताला अजिबात जोर नको म्हणून. सरांनी दोन वाटा सांगितल्या. वेगळं पेटंट घ्या, त्याला आजपासून स्वतःची वीस वर्षं मिळतील. किंवा जुन्यालाच जोडून घ्या, वेगळी फी नाही, पण जुनं संपेल त्याच दिवशी हेही संपेल. सरांच्या मते पहिली वाट शहाणपणाची.

“जोडूनच घ्या सायेब,” आण्णा म्हणाले. “एक गेलं न एक मागं ऱ्हायलं, असलं लई वंगाळ.”

शहाणपणाची वाट बंद झाली. सरांनी जोडून घेतलं.

*

गेल्या वर्षी शेवटची फी भरायची होती. तोवर आण्णांना कमी ऐकू यायला लागलं होतं, फोनवर तर काहीच नाही, म्हणून फोन अक्कांनी घेतला. मी त्यांना सगळं नीट सांगितलं. पुढच्या वर्षी मुदत संपते, ती वाढत नाही. मग हे मशीन कुणीही बनवू शकेल, कुणाला अडवता येणार नाही, एवढंच. तुमचं मशीन तुमचंच. अक्का “व्हय व्हय” करत राहिल्या. कळलं का, असं मी दोनदा विचारलं.

यंदा मुदत संपली त्या दिवशी आण्णा सवयीनं आले. सर फोनवर होते. आण्णांनी विचारलं, “संपलं म्हंजे संपलंच की?” सरांनी फोनवर हात ठेवून हो म्हणून मान हलवली. आण्णा डबा ठेवून जिना उतरले.

आठवड्यानं त्यांनी कुणाच्या तरी हाती भाकरी पाठवली. मी डबा उघडला. एक मोठी, एक लहान, कडा चिरलेल्या, आणि प्रत्येकीवर बोटांचे ठसे.

या हातानं थापलेल्या. आण्णांनी पेटंट गाडीच्या लायसनसारखं धरलं होतं! मुदत संपली, आता मशीन चालवलं तर गुन्हा. सरांवर चिडले, स्वतःवर त्याहून जास्त, आणि तशीच स्कूटी काढून अक्कलकोट रोडला गेले.

मशीन कोपऱ्यात होतं, त्यावर चादर घातलेली. अक्का चुलीपुढे बसून भाकरी थापत होत्या. आण्णा गिरणीत गेले होते. मी धापा टाकत सगळं पुन्हा सांगितलं. चालवायला परवाना कधीच लागत नव्हता, उद्या सगळ्या सोलापुरानं बनवलं तरी तुमचं बंद होत नाही, ती चादर काढा आधी.

“ठाव हाय की,” अक्का म्हणाल्या. “तुमीच सांगितलं न्हवं का फोनवर?”

मी चादरीकडे बोट केलं. “मग आण्णांना सांगितलं का नाही? आणि मनगट?”

“दुकतंय की.”

एवढ्यात आण्णा आले. मला बघून हसले, पिठाचा डबा ठेवला, हात धुतले. मग बाह्या वर करून अक्कांच्या समोर मांडी घातली, परात ओढली आणि पीठ मळायला लागले. अक्कांनी बोटानं दाबून बघितलं, अजून थोडं पाणी घालायची खूण केली. त्यांनी घातलं.

“हे वीस वर्सं मशीनपाशीच उभं ऱ्हायले,” अक्का मला म्हणाल्या, आवाज कमी न करताच. “आठ दिस झालं, हितं माझ्यापाशी बसायलेत. चार दिस जाऊ दे बाई. मग सांगते.”