पडद्यावर सगळं निळं होतं

मंडळी, आज लॅबमध्ये मी डिझाइन केलेलं पातं तुटलं. कृत्रिम पायाच्या तळाचं, कार्बन फायबरचे थर एकमेकांवर चिकटवून बनवलेलं वाकडं पातं. त्यावर किती ताण येईल ते मी आधी कॉम्प्युटरवर काढलं होतं. सगळं निळं दिसलं, म्हणजे सुरक्षित.

मशीनने भार दिला आणि नेमके वळणावरच थर सुटले. ज्यांच्यासाठी हा पाय होता ते वसंतराव समोरच बसले होते. म्हणाले, "बरं झालं वं पोरी, इथंच तुटलं. मले पुढच्या हप्त्यात चालाचं होतं याच्यावर."

कारण नंतर सापडलं. मी पातं पातळ पत्र्यासारखं एकसंध धरून गणित मांडलं होतं. त्या गणितात थरांना एकमेकांपासून दूर ओढणारा ताण मोजलाच जात नाही. सॉफ्टवेअर तिथे सरळ शून्य दाखवतं.

रडू आलं नाही. सीताबर्डीला भाजी घेतली आणि पिशवी तिथेच विसरून घरी आले.

आई म्हणाली, "काहून गप बसून राहिली वं? काही झालं का?"

"काही नाही," म्हटलं.

तुम्हीही असं म्हणता ना? तेव्हा आत खरंच काही नसतं, की तुम्ही मोजलेलंच नसतं?